धरणात सोडलेला ट्राउट खातो काय?

इंग्लंडमध्ये मेंडिप टेकड्यांच्या पायथ्याशी, ब्रिस्टल शहराच्या पाण्यासाठी ब्लॅग्डनचं धरण बांधलं. त्यात ट्राउट सोडले आणि १९०४ मध्ये गळाची मासेमारी सुरू झाली. डोंगरी ओढ्यात जेमतेम पाव किलो भरणारा हा मासा इथे दोन-दोन किलोंचा निघू लागला. १९६६ मध्ये इंग्लंडमधल्याच ग्रॅफम वॉटर या धरणातही तसंच झालं. पुढे दोन्हीकडचा सुकाळ ओसरला.

कारण ती शिदोरी बुडालेल्या जमिनीची होती. पाणी चढतं तसं कुरणांतली गांडुळं, गोगलगायी, किडे आयतेच माशांच्या तोंडी पडतात. मग गवत कुजतं, मातीतला नायट्रोजन आणि फॉस्फरस पाण्यात उतरतो, शेवाळ माजतं आणि त्यावर डॅफ्निया हे सूक्ष्म कवचधारी जीव पोसतात. तळाच्या चिखलात कायरोनोमिड या डासांसारख्या दिसणाऱ्या कीटकांच्या अळ्या वाढतात. अंगात हिमोग्लोबिन असल्यामुळे त्या लाल दिसतात आणि ऑक्सिजन कमी असला तरी तगतात. हे सगळं काही वर्षं जोरात चालतं. मग जमिनीतला साठा संपतो.

त्यानंतर माशांची भिस्त राहते काठच्या उथळ पट्ट्यावर. ऊन तळापर्यंत पोचतं, पाणवनस्पती वाढतात, त्यांत किडे आणि गोगलगायी राहतात ते इथेच. पण धरणाचं पाणी खाली-वर होत राहतं. आपल्याकडे उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या या जमिनीवर गाळपेर होते. नॉर्वेत वीजनिर्मितीसाठी पाणी हिवाळ्यात उपसलं जातं, तेव्हा हाच पट्टा कोरडा पडून गोठतो. गॅमॅरस हा छोटा कवचधारी प्राणी तिथल्या ट्राउटचं आवडतं खाद्य. माशाच्या मांसाला गुलाबी रंग येतो तो गॅमॅरसमधल्या रंगद्रव्यांमुळे. पातळीत पाच-सहा मीटरपेक्षा जास्त फरक पडू लागला की गॅमॅरस बहुधा नाहीसाच होतो. लेपिड्युरस नावाचा दुसरा एक कवचधारी मात्र टिकतो, कारण त्याची अंडी कोरड आणि गोठण दोन्ही सोसतात आणि पाणी परत चढलं की फुटतात. हार्डांगरविद्दा पठारावरच्या ट्राउटना त्याचा मोठा आधार आहे.

अन्न असूनही ते हाती लागेल असं नाही. ट्राउट थंड पाण्यातला मासा. उन्हाळ्यात वरचा थर तापतो, तळाशी ऑक्सिजन संपत येतो आणि मासा मधल्या थरात कोंडला जातो. काठचे किडे मग जवळ असूनही दूर. हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, तयार खाद्याच्या दाण्यावर वाढलेल्या माशाची तर निराळीच गंमत. नुकत्याच सोडलेल्यांच्या पोटात काड्या आणि खडे सापडतात; दाण्याच्या आकाराचं जे दिसेल ते तो गिळतो. खाण्याजोगे मोठे मासे सोडायचे आणि थोड्या दिवसांत पकडायचे, अशा ठिकाणी याने फारसं बिघडत नाही. पण बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडून ती वाढेल अशी आशा करायची असेल, तर आधी पाण्यात काय आहे ते पाहायला हवं. किती बीज सोडलं याचे आकडे मिरवण्यापेक्षा हे जास्त गरजेचं.

अन्न कमी, तर बाहेरून आणू, हा उपायही करून झाला. कॅनडातल्या कूटने तलावात १९४९ मध्ये इंद्रधनुषी ट्राउटसाठी मायसिस हा कोळंबीसारखा जीव सोडला. पण मायसिस दिवसा खोल अंधारात राहतो आणि रात्री वर येतो. ट्राउट नजरेने शिकार करणारा, त्यामुळे दोघांची गाठ क्वचितच पडते. शिवाय मायसिस डॅफ्निया खातो, म्हणजे कोकॅनी या सामन जातीच्या छोट्या माशाच्या तोंडचा घास पळवतो. आणि तिथले मोठे ट्राउट जगतात ते या कोकॅनीवरच.

पुढे वरच्या अंगाला डंकन आणि लिबी ही धरणं झाली, नदीबरोबर येणारी पोषकद्रव्यं त्यांच्यात अडकू लागली आणि कोकॅनी आणखी घटले. शेवटी १९९२ पासून या तलावाच्या उत्तर भागात चक्क नायट्रोजन-फॉस्फरसचं द्रवरूप खत सोडायला सुरुवात झाली.