वारा, धूळ आणि विषाणू: दोनशे वर्षांचा गुंता

जानेवारी १८३२. आफ्रिकेच्या पश्चिमेला केप व्हर्द बेटांपाशी 'बीगल' जहाज नांगर टाकायच्या बेतात होतं. हवा धुरकट होती. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून डोलकाठीच्या टोकाला लावलेल्या जाळीदार कापडात पिठासारखी बारीक, तपकिरी धूळ अडकली होती. बावीस वर्षांच्या चार्ल्स डार्विनने ती पुडीत बांधून ठेवली. पुढे अशा पाच पुड्या बर्लिनचे निसर्गशास्त्रज्ञ एरेनबर्ग यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली गेल्या आणि त्यांत ६७ प्रकारचे सजीवांचे अवशेष निघाले. धूळ म्हणजे नुसती माती नव्हे, हे तेव्हापासून ठाऊक आहे. धुळीबरोबर रोगही येतो का, हे मात्र इतकं सरळ निघालं नाही.

कारण त्या काळी रोग हवेतूनच येतो, असं बहुतेक डॉक्टर धरून चालत. कोंदट, सडक्या जागेतली हवा बाधते आणि पटकी, ताप होतात. आजारातून उठलेल्याला 'हवापालट' करायला पाठवायची आपल्याकडची रीतही याच समजुतीच्या जवळची. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला, दोन वर्षांनी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने प्रिन्सेस स्ट्रीट आखला तो समुद्राचा वारा दाट वस्तीत खेळावा म्हणून. गंमत अशी, की त्याच १८९८ साली फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्लेग पसरवणाऱ्या, उंदरांवरच्या पिसवांवर बोट ठेवलं. रस्ता उपयोगाचा झाला, पण ज्या कारणासाठी केला ते खोटं ठरलं.

अशा फजित्यांनंतर पारडं दुसरीकडे झुकलं. अमेरिकेतले आरोग्य अधिकारी चार्ल्स चॅपिन यांनी १९१० मध्ये ठासून मांडलं की लागण होते ती स्पर्शाने आणि अगदी जवळून उडणाऱ्या थुंकीच्या थेंबांनी. हवेचं भय सोडा. हात धुण्यावर भर आला, हे चांगलंच झालं. पण हवेचं नाव काढणारा जुन्या समजुतीतला ठरू लागला. अमेरिकी संशोधक विल्यम वेल्स यांनी १९३४ मध्ये दाखवलं की बारीक थेंब जमिनीवर पडण्याआधीच वाळतात आणि त्यांचे हलके कण हवेत तरंगत राहतात. पुढे बाल्टिमोरमध्ये क्षयरुग्णांच्या खोल्यांतली हवा गिनिपिगांच्या पिंजऱ्यांकडे वळवली, तर त्यांना क्षय झाला. एवढं होऊनही २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हवेतून पसरत नाही, असं जाहीर सांगितलं. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी हवेतून होणाऱ्या लागणीची दखल घ्या, असं जाहीर पत्र लिहिलं. संघटनेकडून स्पष्ट शब्दांत कबुली यायला पुढचं वर्ष उजाडलं.

माझ्या मते या वादात तीन गोष्टींची सतत गल्लत झाली आहे: बंद खोलीतली हवा, लांबचा वारा आणि वाळवंटातली धूळ.

लांबच्या वाऱ्याचा सर्वांत पक्का दाखला माणसांचा नाही, जनावरांचा आहे. मार्च १९८१ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी भागात डुकरांना लाळ्या-खुरकूत झाला आणि थोड्याच दिवसांत समुद्रापलीकडे, अडीचशे किलोमीटरवरच्या आइल ऑफ वाइट बेटावर गुरं आजारी पडली. लाळ्या-खुरकूत झालेलं डुक्कर श्वासावाटे अफाट विषाणू सोडतं, तर गाय एका दिवसात खूप हवा ओढते आणि तिला थोडाही विषाणू पुरतो. शिवाय हवा दमट लागते. सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली गेली की हा विषाणू तग धरत नाही. समुद्रावरचा थंड, ओला, संथ वारा त्याला मानवला. धुळीचं वादळ याच्या नेमकं उलट: कोरडं, घुसळणारं आणि बऱ्याचदा रणरणत्या उन्हातलं.

मग धुळीत विषाणू सापडतात ते कसे? सापडतात, आणि भरपूर सापडतात. २०१० मध्ये तैवानच्या अभ्यासकांना आशियातल्या वाळवंटांकडून धूळ येते त्या दिवसांत हवेत इन्फ्लुएंझा ए विषाणू एरवीपेक्षा जास्त आढळला. पण तपासणी जनुकीय द्रव्याची होती. ते द्रव्य मेलेल्या विषाणूचंही असतं. २०१८ मध्ये स्पेनच्या सिएरा नेवाडा पर्वतातला अभ्यास आला: सहाराची धूळ आणि पाऊस यांच्याबरोबर दर चौरस मीटरवर दिवसाला २६ कोटींपासून ७०० कोटींहून अधिक विषाणू उतरतात. आकडा वाचून घाबरायला होतं. पण निसर्गातले बहुतेक विषाणू जीवाणूंनाच लागतात, आपल्याला नाही.

२३ जानेवारी २०२२ रोजी, कोविडची तिसरी लाट चालू असताना, पाकिस्तानकडून आलेल्या धुळीने मुंबई झाकोळली. त्या दिवशी भीती बाळगायची ती छातीत जाणाऱ्या बारीक कणांची होती. धुळीवाटे खरोखर होणारा आजार पाहायचा तर कॅलिफोर्नियातला 'व्हॅली फीव्हर' आहे. डिसेंबर १९७७ च्या वादळाने तो शेकडो किलोमीटर उत्तरेला नेला. पण तो मातीतल्या बुरशीचा आजार. बुरशीचे बीजाणू कोरडेपणासाठीच घडलेले असतात. विषाणूचं तसं नाही.

धुळीवाटे फ्लूचा जिवंत विषाणू पसरल्याचा प्रयोग २०२० मध्ये झाला, तोही गिनिपिगांवरच. आजाराला दाद न देणाऱ्या गिनिपिगांच्या अंगावर विषाणू फासला आणि त्यांच्या केसांवरून उडालेल्या धुळीने हवेतून वेगळ्या पिंजऱ्यातल्या काही सोबत्यांना लागण झाली. दोन पिंजरे होते मात्र जवळजवळच.