द्वारका चौकात नजर कोण फिरवतं?

नाशिकच्या द्वारका चौकात रस्ता ओलांडायला उभं राहिलं, की मुंबई-आग्रा महामार्ग, पुणे रोड, रिक्षा, एसटी असं सगळं एकदम दिसतंय असं वाटतं. खरं तर स्पष्ट दिसतो तो फक्त लांब केलेल्या हाताच्या अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा. डोळ्याच्या पडद्यावर मधोमध जो बारीकसा खळगा असतो, तिथेच बारकावे टिपणाऱ्या शंकूपेशींची खरी दाटी. बाकीचं चित्र धूसर. म्हणून डोळे सेकंदाला साधारण तीन उड्या मारतात. उडी चालू असताना मेंदू दृष्टी दाबून ठेवतो. आरशात एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर नजर न्या. स्वतःचे डोळे हलताना कधीच दिसणार नाहीत.

मग पुढची उडी कुठे? मध्यमेंदूतल्या सुपिरिअर कॉलिक्युलस या वाटाण्याएवढ्या गाठीत समोरच्या जगाचा जणू नकाशाच असतो. डावीकडून हॉर्न वाजला, की नकाशावरच्या त्या जागेच्या पेशी उत्तेजित होतात. कानांची माहितीही याच नकाशावर येते. उजवीकडे दिवा लुकलुकला, की त्या जागेच्या पेशी जाग्या होतात. दोन्ही जागांची चढाओढ लागते आणि जिंकणारी जागा नजर खेचून घेते. पण गोंगाटच जिंकत असता, तर शोधलेली बस कुणाला सापडली नसती! कपाळामागचा आणि माथ्याजवळचा मेंदू ‘मला काय हवंय’ ते कळवून या चढाओढीत हस्तक्षेप करतो. रशियन शास्त्रज्ञ अल्फ्रेड यार्बस यांनी 1960च्या दशकात हे फार सुंदर दाखवलं. चित्र एकच, प्रश्न वेगवेगळे. माणसांची वयं विचारली की नजर चेहऱ्यांवर. घरची परिस्थिती विचारली की कपड्यांवर, सामानावर.

मला सर्वांत नवल वाटतं ते ब्रेकचं. मेंदूच्या खोल भागातल्या सबस्टँशिया नायग्रा या केंद्रातल्या काही पेशी कॉलिक्युलसला सतत ‘थांब’ म्हणत असतात. नजर हलायची, तर क्षणभर त्यांनी गप्प बसावं लागतं. हिकोसाका आणि वुर्ट्झ या शास्त्रज्ञांनी 1983 साली माकडांमध्ये हे नोंदवलं.

नजर आवरता येते का, हे तपासायची एक सोपी चाचणी आहे: ठिपका चमकला, की त्याच्या उलट बाजूला बघायचं. धडधाकट माणूसही अधूनमधून चुकतो. कपाळामागच्या मेंदूला इजा झालेल्यांची नजर मात्र, सूचना नीट समजूनही, पुन्हा पुन्हा ठिपक्याकडेच धावते.