पिढीजात शहाणपण आणि वॉकर्टनचं पाणी

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात जून १९९५ मध्ये माइक हॅरिस यांचा प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह पक्ष सत्तेवर आला. पक्षाच्या जाहीरनाम्याचं नाव होतं 'कॉमन सेन्स रिव्होल्यूशन'. प्राप्तिकरात ३० टक्के कपात, सरकारी खर्चाला कात्री आणि लालफितीचा कारभार कमी, ही त्याची मुख्य आश्वासनं. चार माणसांत बसणाऱ्याला जे कळतं ते सरकारी तज्ज्ञांना कळत नाही, असा त्याचा सूर होता. १९९९ मध्ये ब्रिटनच्या हुजूर पक्षाचे नेते विल्यम हेग यांनी हीच घोषणा उचलली. २० जानेवारी २०२५ रोजी शपथ घेतल्यावर डोनाल्ड ट्रम्प यांनीही कॉमन सेन्सच्या क्रांतीची ग्वाही दिली.

परंपरावादी (कन्झर्व्हेटिव्ह) विचाराच्या मुळाशी गेलं, तर कॉमन सेन्स आणि क्रांती यांची सोयरीक जुळत नाही. हा विचार जन्मालाच आला तो क्रांतीच्या भीतीतून. आणि कॉमन सेन्सची दुहाई पहिल्यांदा गाजवली ती परंपरावाद्यांनी नव्हे, तर त्यांच्या कट्टर विरोधकानं. जानेवारी १७७६ मध्ये फिलाडेल्फियात टॉमस पेन यांची 'कॉमन सेन्स' ही पुस्तिका निघाली. ब्रिटनसारख्या एका बेटानं अमेरिकेच्या अख्ख्या खंडावर कायम राज्य करावं हे कुणाच्याही बुद्धीला पटण्यासारखं आहे का, असा त्यांचा सवाल होता. साध्या माणसाची समज हे पेन यांच्या हातात राजेशाही मोडून काढायचं हत्यार झालं.

चौदा वर्षांनी, १७९० मध्ये, परंपरावादाचे जनक मानले जाणारे ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्क यांनी फ्रेंच राज्यक्रांतीवर टीका करताना याच्या अगदी उलट मांडणी केली. एकेका माणसाजवळची अक्कल तुटपुंजी असते. म्हणून माणसानं तेवढ्यावर विसंबू नये, राष्ट्रांनी आणि युगांनी साठवलेल्या भांडवलावर व्यवहार करावा, असं ते म्हणाले. बर्क यांच्या लेखी खरं शहाणपण रूढीत, सवयीत, जुन्या संस्थांत मुरलेलं असतं. ते पाळणाऱ्याला त्याचं कारण सांगता येईलच असं नाही, आणि सांगता आलं नाही म्हणून ते खोटंही ठरत नाही.

माझ्या मते परंपरावाद्यांनी जगाला दिलेला हा सगळ्यात मोलाचा विचार आहे. तो राजकारणाच्या आखाड्यातून बाहेर काढून तपासता येतो, हे त्याचं आणखी एक मोल.

मक्याचं उदाहरण घ्या. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत हजारो वर्षांपासून मक्याचे दाणे चुन्याच्या निवळीत किंवा राखेच्या पाण्यात शिजवून, भिजत ठेवून, मग वाटले जातात. टॉर्टिया, म्हणजे तिथल्या पोळ्या, त्याच पिठाच्या. मक्यात नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व असतं, पण ते अशा रूपात जखडलेलं असतं की आपल्या आतड्याला उचलता येत नाही. चुन्यानं ते मोकळं होतं. मका शिजवणाऱ्या बाईला यातलं काहीही ठाऊक नव्हतं आणि असण्याचं कारणही नव्हतं. 'आमच्यात असंच करतात' एवढंच तिचं उत्तर असणार.

कोलंबसनंतर मका युरोपात गेला, चुना मात्र मागे राहिला. गिरणीत दाणे दळता येत असताना ही कटकट कशाला, हा विचार वरवर पाहता अगदी शहाणपणाचा. पुढे स्पेनमध्ये, उत्तर इटलीत आणि मग अमेरिकेच्या दक्षिण भागात, जिथे जिथे गरिबांचं पोट फक्त मक्यावर भरायचं, तिथे पेलाग्रा हा रोग पसरला. उन्हात कातडी भाजल्यासारखी सोलून निघायची, जुलाब लागायचे, भ्रम व्हायचा, शेवटी मृत्यू. स्पेनमधल्या अस्तुरियास भागातले डॉक्टर गास्पार कासाल यांनी १७३५ मध्ये या रोगाची नोंद केली. तो संसर्गानं नव्हे तर निकृष्ट आहारानं होतो, हे १९१४ पासून पुढे अमेरिकेत जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवून दिलं. नायसिनचा उलगडा व्हायला १९३७ साल उजाडलं. तोवर एकट्या अमेरिकेत सुमारे एक लाख माणसं पेलाग्रानं दगावली होती.

बर्क यांच्या बाजूनं याहून भक्कम पुरावा मला माहीत नाही. कारण न कळणारी एक सवय टाकून दिली आणि तिच्या पोटात काय होतं ते कळायला दोनशे वर्षं लागली.

पण मग परंपरेला प्रत्येक कोडं सुटतं का? दख्खनच्या पठारावर जवळजवळ फक्त ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांनाही पेलाग्रा व्हायचा. हैदराबादचे डॉ. सी. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास त्याचा अभ्यास केला. ज्वारी आपल्याकडे शेकडो पिढ्यांची, भाकरीही तितकीच जुनी, तरी इथल्या परंपरेला या रोगावरचा उपाय सापडला नव्हता. तेव्हा खरा प्रश्न असा की अनुभवाचं शहाणपण केव्हा होतं आणि केव्हा होत नाही.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि गॅरी क्लाइन यांनी २००९ मध्ये यावर एकत्र लेख लिहिला. दोघं एरवी परस्परविरोधी मतांचे. कानेमान यांची हयात माणसाच्या अंदाजातल्या चुका दाखवण्यात गेली, तर क्लाइन अनुभवी अग्निशमन अधिकाऱ्यांच्या अचूक अंतःप्रेरणेचे अभ्यासक. दोघांचं एकमत झालं ते दोन अटींवर. ज्या जगाबद्दल आपण अंदाज करतो त्यात काही नियमितपणा हवा. आणि आपला अंदाज बरोबर ठरला की चुकला, हे वारंवार, स्पष्टपणे आणि फार उशीर न होता कळायला हवं. आग विझवणाऱ्याला ते काही मिनिटांत कळतं. शेअर निवडणाऱ्याला किंवा दूरच्या राजकारणाचं भाकीत करणाऱ्याला कळत नाही, आणि तरीही त्याचा आत्मविश्वास कमी होत नाही. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: खात्री वाटणं हा अचूकतेचा पुरावा नाही.

मक्याच्या बाबतीत एका माणसाला असं उत्तर मिळणं शक्यच नव्हतं. चुना सोडल्यापासून रोग दिसेपर्यंत महिने जातात, मग संबंध कोण लावणार? ते काम पिढ्यांनी केलं असावं. वेगवेगळ्या गावांनी वेगवेगळं करून पाहिलं, ज्यांची मुलं धडधाकट राहिली त्यांची पद्धत शेजाऱ्यांनी उचलली. सांस्कृतिक उत्क्रांतीचे अभ्यासक हाच मार्ग सांगतात. त्यालाही एक अट आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथच्या जत्रेतल्या एका स्पर्धेची आकडेवारी छापली. कापून साफ केलेल्या बैलाचं वजन ओळखायचं होतं. ७८७ अंदाजांचा मधला आकडा १२०७ पौंड निघाला, खरं वजन ११९८. हे साधलं, कारण प्रत्येकानं आपलं डोकं चालवून स्वतंत्र चिठ्ठी लिहिली होती. सगळ्यांनी पहिल्याची चिठ्ठी बघून लिहिलं असतं तर ७८७ चिठ्ठ्यांची किंमत एकाच चिठ्ठीएवढी राहिली असती. हजार वर्षं पाळलेली रूढी म्हणजे हजार वर्षांचे अनुभव असं म्हणण्याआधी, त्या काळात किती जणांना वेगळं वागून पाहायची मुभा होती, हे विचारायला हवं.

आणि तोटा कुणाच्या अंगावर पडत होता, हेही. बर्क यांना पेन यांनी १७९१ मध्ये 'राइट्स ऑफ मॅन' लिहून उत्तर दिलं. ते पुस्तक १८४७ च्या सुमारास पुण्यात जोतीराव फुले यांच्या वाचनात आलं. पुढच्याच वर्षी त्यांनी मुलींची शाळा काढली आणि १८६३ मध्ये फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह. मुलींनी शिकू नये, विधवेनं पुन्हा लग्न करू नये, हे तेव्हाच्या पुण्यात 'सगळ्यांना कळणारं' शहाणपण होतं. त्याचे परिणाम भयंकर होते, पण ते भोगणाऱ्या बायकांचं म्हणणं रूढीच्या जमाखर्चात कधी मांडलंच जात नव्हतं. जिथे दुखणाऱ्याला बोलायची बंदी असते तिथे चूक शतकानुशतकं टिकते. नुसतं टिकून राहणं हा म्हणूनच पुरेसा दाखला होत नाही.

'सगळ्यांना कळणारं' असं खरंच किती असतं? मार्क व्हायटिंग आणि डंकन वॉट्स यांनी २०२४ मध्ये ते मोजायचा प्रयत्न केला. ४,४०७ विधानं आणि २,०४६ माणसं. विधान पटतं का, आणि इतरांनाही पटेल का, असे प्रश्न विचारले. भौतिक जगाविषयीच्या साध्या, थेट विधानांवर एकमत सापडलं. पण खूप माणसांमध्ये समान असलेला खूप मोठा समजुतींचा साठा मात्र आढळला नाही. राजकारणात 'हा तर कॉमन सेन्स' म्हणून जे मांडलं जातं, ते या साध्या विधानांच्या जातीचं क्वचितच असतं.

आता ऑन्टारियोकडे परत जाऊ. तिथे सवयीची खात्री आणि नियमांचा तिटकारा एकाच नळातून आला. हॅरिस सरकारनं पर्यावरण मंत्रालयाचे ३० टक्क्यांहून जास्त कर्मचारी कमी केले. १९९६ मध्ये गावोगावचं पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळांचं ते काम बंद झालं आणि दोन महिन्यांच्या आत नगरपालिकांना खासगी प्रयोगशाळांकडे जावं लागलं. पाण्यात जंतू सापडले तर खासगी प्रयोगशाळेनं आरोग्य अधिकाऱ्यांना कळवलंच पाहिजे, असं बंधन मात्र कुणी घातलं नाही.

वॉकर्टन हे सुमारे ४,८०० वस्तीचं गाव. मे २००० मध्ये तिथे जोराचा पाऊस झाला आणि जवळच्या शेतातल्या शेणखताबरोबर घातक ई. कोलाय जिवाणू गावाच्या पाच नंबरच्या विहिरीत उतरले. १७ मे रोजी प्रयोगशाळेनं दूषित पाण्याचा अहवाल गावाच्या पाणीपुरवठा विभागाला पाठवला, फक्त त्यालाच. विभागानं तो दडवला. आरोग्य अधिकाऱ्यांनी पाणी उकळून पिण्याचा इशारा दिला २१ मे रोजी, तोही आजारी माणसांवरून स्वतः अंदाज बांधून. ७ जण दगावले, २,३०० हून अधिक आजारी पडले.

न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशी आयोगानं जानेवारी २००२ मध्ये दिलेल्या अहवालात मला सगळ्यात बोलका वाटतो तो पंप चालवणाऱ्यांचा भाग. ते क्लोरीन पुरेसं घालत नसत आणि नोंदवहीत खोटे आकडे भरत. पण त्यांना गावाचं वाईट करायचं नव्हतं. पाणी चांगलं आहे अशी त्यांची मनापासून खात्री होती, विहिरीवरचं कच्चं पाणी ते स्वतः पीत. गावकरीही अधूनमधून क्लोरीन कमी घाला म्हणून त्यांच्या मागे लागत. वर्षानुवर्षं पिऊन काही झालं नाही, हा त्यांचा प्रत्यक्ष अनुभव होता. कानेमान आणि क्लाइन यांच्या दुसऱ्या अटीवर तो पार नापास होतो. विहीर दूषित होण्याचा प्रसंग विरळा, तो येईपर्यंत रोजचा ग्लास 'सगळं ठीक आहे' असंच सांगत राहतो. क्लोरीनचा कंटाळवाणा नियम, सरकारी प्रयोगशाळेचा मंत्रालयात जाणारा फोन, या गोष्टींत इतर गावांच्या जुन्या साथींचा अनुभव साठलेला होता. बर्क ज्याला युगांचं भांडवल म्हणत, ते ऑन्टारियोत सरकारी नियमावलीत होतं, आणि कॉमन सेन्सच्या नावानं तेच मोडीत निघालं.

दूषित नमुन्याची खबर आरोग्य अधिकारी आणि मंत्रालय या दोघांना ताबडतोब द्यायचं बंधन प्रयोगशाळांवर ऑगस्ट २००० मध्ये आलं. २००२ मध्ये सुरक्षित पेयजलाचा कायदा झाला. हॅरिस तोवर पायउतार झाले होते, पण कायदा करणारं सरकार त्यांच्याच पक्षाचं होतं.