जागलीवरचा फौजी

हरभरा वर निघाला, तुरीला शेंगा धरल्या की विदर्भातल्या वावरांत जागल सुरू होते. रोही (नीलगाय) आणि रानडुकरं एका रात्रीत हंगाम खाऊन जातात, म्हणून माणसं मचाणावर बसतात, टॉर्च फिरवतात, मधूनच एखादा सुतळी बॉम्ब फोडतात. गावात सैन्यातून परतलेला कुणी असेल तर जागलीला तो सगळ्यांच्या आधी तयार. थंडीची कुरकुर नाही, डुलकी नाही. ‘फौजी हाय ना तो, त्याले कायची झोप!’ असं गाव कौतुकाने म्हणतं.

पंधरा-सतरा वर्षं नोकरी केलेल्या माणसाला जागरणाची सवय असणारच. पण काही जण जागलीला जातात ते घरी खाटेवर पडूनही झोप येणार नसते म्हणून. वावरात जागं राहायला निदान कारण तरी असतं. गावाला त्यात गुण दिसतो, त्यामुळे हा आजार असेल अशी शंका बायकोखेरीज कुणालाच येत नाही. या आजाराला डॉक्टर पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर ताणविकार म्हणतात.

सीमेवरच्या चौकीत किंवा नक्षलग्रस्त भागातल्या गस्तीवर अशी जाग हवीच. मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग धोक्याची खूण टिपतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहानशा पेशीगटातून नॉरअॅड्रेनालीन हे सावध करणारं रसायन पसरतं, छातीत धडधडतं, कान टवकारतात. महिनोन् महिने हेच चाललं की अमिग्डाला झटकन पेटायला शिकतो. पुढे सुट्टी मिळते आणि जम्मूहून गाडीत बसलेला जवान दोन दिवसांत नागपूरला उतरतो, तिथून एसटीने घरी. मेंदूचं शिकणं एवढ्या वेगाने मागे फिरत नाही.

आवाज कुठला, जागा कुठली, हे ताडण्याचं काम मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग करतो, आणि ‘इथे काही नाही, शांत हो’ असं सांगण्याचं काम कपाळामागचा भाग करतो. ही दोन्ही कामं कच्ची पडली की शेजारच्या वावरातला बॉम्ब फुटल्यावर माणूस बांधाआड आडवा होतो. गंमत म्हणजे तोच बॉम्ब त्याने स्वतःच्या हाताने पेटवला तर बहुधा काही होत नाही. आवाज केव्हा येणार हे ठाऊक असलं की मेंदू कमी घाबरतो. घरच्यांना मात्र हे नाटक वाटतं: स्वतः फोडतो तेव्हा बरा चालतो!

सैन्यात राहिलेल्या बहुतेकांना हा आजार होत नाही, हे आधी सांगायला हवं. घाबरवणाऱ्या घटनेनंतर काही आठवडे झोप उडणं, तेच तेच डोळ्यांपुढे येणं स्वाभाविक आहे. महिन्यानंतरही ते हटलं नाही, कामात आणि नात्यांत आडवं येऊ लागलं, तर डॉक्टर पीटीएसडीचा विचार करतात. काहींमध्ये तो सहा महिन्यांनी किंवा त्याहूनही उशिरा पुरता उघड होतो. पेन्शन सुरू झालं, घर बांधून झालं आणि मग हे कुठून आलं, असा प्रश्न घरच्यांना पडतो. मग ‘बाहेरचं’ काढायला भगताकडे फेरी होते, किंवा धडधडीसाठी ईसीजी काढून ‘गॅस’चं औषध मिळतं.

पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स या डॉक्टरने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा सैनिकांविषयी लिहिलं तेव्हा ‘शेल शॉक’ (तोफगोळ्याचा धक्का) हा शब्द छापील झाला. त्याच युद्धात भारतीय जवानही फ्रान्सच्या खंदकांत होते. अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेने पीटीएसडीला आजारांच्या आपल्या अधिकृत यादीत जागा दिली ती १९८० साली.

हा त्रास वर्षानुवर्षं का टिकतो? माझ्या मते सगळ्यात समजून घेण्यासारखी गोष्ट हीच. लग्नात डीजे लागला की फौजी उठून जातो. बाहेर पडताच बरं वाटतं. हे बरं वाटणं मेंदूला बक्षिसासारखं असतं. पुढच्या लग्नाला तो जातच नाही. नंतर आठवडी बाजार सुटतो, पोळ्याची गर्दी सुटते. सुटलेल्या प्रत्येक ठिकाणी मेंदूची एक संधी हुकते: आवाज झाला आणि तरीही काही झालं नाही, हे शिकण्याची. टाळण्याने भीती आतल्या आत जपली जाते.

उपचार नेमका इथे हात घालतो. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ रुग्णासोबत टाळलेल्या ठिकाणांची सोप्याकडून अवघडाकडे जाणारी यादी करतो आणि आघाताचा मूळ प्रसंग सुरक्षित खोलीत पुन्हा पुन्हा तपशिलाने सांगायला लावतो. साधारण ८ ते १५ बैठका लागतात. जुनी आठवण पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवी तयार होते आणि हळूहळू वरचढ ठरते. दुसरी एक पद्धत, बहुतेक १२ बैठकांची, विचारांवर काम करते: ‘माझ्यामुळे तो गेला’ हे वाक्य तपासून पाहते. जोडीला सर्ट्रालीनसारखी गोळी देतात. मेडिकलमधून परस्पर आणलेली अल्प्राझोलम ही गुंगीची गोळी मात्र या आजारावर उपाय नव्हे, तिची सवय लागते. दारूचंही तसंच, मग ती कॅन्टीनची असो की मोहाची. ती झोप आणते, पण स्वप्नांची झोप रात्रीच्या पहिल्या भागात दाबून टाकते; मग पहाटेकडे स्वप्नं दुप्पट जोराने येतात.

तैनातीवर असतानाचा ताण नुसता गोळीचा नसतो. मोबाइलवरून धुऱ्याचं (बांधाचं) भांडण, सोसायटीचं कर्ज, सासू-सुनेचं वाजणं रोज चौकीत पोचतं, आणि तिथून काहीच करता येत नाही. सैन्यात प्रत्येकाला एक ‘बडी’ म्हणजे जोडीदार असतो, त्याला हे आधी कळतं. तरी डॉक्टरपुढे बोलायला जवान कचरतो. ‘कॅटेगरी लागली’, म्हणजे वैद्यकीय दर्जा खाली गेला, तर बढती अडेल ही भीती खोटी नाही. सैन्याच्या वैद्यकीय वर्गवारीत मानसिक स्थितीसाठी वेगळा रकाना आहेच. मला वाटतं, ही भीती कमी झाल्याशिवाय कितीही समुपदेशक नेमले तरी त्यांच्या खुर्च्या रिकाम्या राहतील.

निवृत्तीनंतर माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे, पण गडचिरोलीच्या टोकावरच्या सिरोंच्याहून किंवा भामरागडहून नागपूरजवळच्या कामठीला जायचं तर अख्खा दिवस मोडतो. अशा वेळी १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फुकट क्रमांक कामाचा. मराठीत बोलता येतं. सैन्यदलांसाठी पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात त्याचा वेगळा कक्ष २०२३ च्या डिसेंबरात सुरू झाला. फोनवर बैठका पुऱ्या होत नाहीत, पण जवळ कुठे जायचं ते कळतं.

गावपातळीवर काय जमू शकतं, याचा दाखला विदर्भातच आहे. ‘विश्राम’ नावाच्या प्रकल्पाने अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत स्थानिक कार्यकर्त्यांना शिकवून नैराश्यावर काम केलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. तो प्रकल्प फौजींसाठी नव्हता, पण आपल्याच पारावरच्या माणसाशी बोलणं सोपं जातं हे त्यातून दिसलं.

याची गरज पुढे वाढणार आहे. २०२२ च्या अग्निपथ या चार वर्षांच्या सैन्यभरती योजनेतले जे अग्निवीर चार वर्षांनी घरी येतील, त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि ईसीएचएसही नाही. केंद्रीय राखीव पोलीस दलाचे जवानही ईसीएचएसमध्ये बसत नाहीत. गावाजवळ या सगळ्यांसाठी मुख्यतः जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग आणि दारात येणारी आशाताई असते. तिच्या प्रश्नांत ‘घरात कुणी फौजेत होतं का, आणि रात्री झोपतं का?’ एवढी भर घालायला वेगळा निधी लागणार नाही.