अंतराळ-खेळण्यांच्या सुट्या वस्तूंचा संग्रह

जुन्या अंतराळ-खेळण्यांबरोबर मिळणाऱ्या बंदुका, तलवारी, झगे, शिरस्त्राणे अशा सुट्या वस्तू शोधून, पारखून जपण्याचा छंद. त्याचा सर्वांत मोठा पसारा अमेरिकेतील सिनसिनाटीच्या केनर कंपनीने १९७८ ते १९८५ या काळात काढलेल्या ‘स्टार वॉर्स’ या अंतराळ-चित्रपटांतील पात्रांच्या बाहुल्यांभोवती आहे. बाहुली जेमतेम पावणेचार इंचांची. तिच्या मुठीतली बंदूक बोटाच्या पेराएवढी. पोरे मनसोक्त खेळली आणि बंदुका वाळूत, सोफ्याच्या फटीत, व्हॅक्यूम क्लीनरच्या पोटात गेल्या. त्यामुळे नुसती बाहुली आजही सहज हाती लागते. तिचे हत्यार मात्र कधीकधी तिच्याहून महाग पडते.

काही बाहुल्यांच्या पोकळ हातात लाइटसेबर, म्हणजे प्रकाशाची तलवार, दडवलेली असे. खिट्टी सरकवली की ती बाहेर येई. अगदी सुरुवातीच्या मालात या तलवारीच्या आतून आणखी एक बारीक पाते निघे. ल्यूक, डार्थ व्हेडर आणि ओबी-वान या तीन पात्रांनाच ते होते. पुढे तलवार एकसंध ओतली जाऊ लागली. दुहेरी पात्याचा ल्यूक अधूनमधून दिसतो, बाकीचे दोघे फारच दुर्मिळ. साध्या तलवारीचेही टोक इतके नाजूक, की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ‘टोक शाबूत आहे का?’ हाच असतो.

जावा या बुटक्या पात्राला आधी विनाइलचा झगा होता. एवढ्याशा बाहुलीवर प्लॅस्टिकचा तुकडा स्वस्तातला दिसतो म्हणून केनरने लवकरच कापडी झगा दिला, आणि तो स्वस्त दिसणारा तुकडाच पुढे सोन्याच्या भावाला गेला. साहजिकच नकला निघाल्या. ओबी-वानचा विनाइलचा झगा कापून जावाला चढवणे ही त्यातली जुनी हातचलाखी. विनाइलचा पोत आणि कापलेली कड पाहून ती पकडतात.

नकलांचा त्रास सगळ्यात जास्त बंदुकांना. बाहुलीच्या पायावर सालाचा आणि देशाचा ठसा असतो, बंदुकीवर बहुधा काहीच नसते. मूळ बंदूक पाण्यावर तरंगते आणि नकली बुडते, अशी एक लाडकी परीक्षा आहे. तिच्यावर भिस्त ठेवू नये: काही नकलाही तरंगतात. खात्रीची बंदूक शेजारी ठेवून भिंगाखाली साच्याच्या रेषा ताडून पाहणे कंटाळवाणे असले तरी तेच बरे. नकल ‘नकल’ म्हणून विकली तर कोणाची तक्रार नसते. जुन्या खेळण्यांच्या खोक्यात ती मिसळली की घोळ होतो.

सर्वांत गाजलेली वस्तू तर दुकानात कधी आलीच नाही. खरेदीचे चार पुरावे पाठवा आणि पाठीवरून क्षेपणास्त्र सोडणारी, बोबा फेट या पात्राची बाहुली फुकट मिळवा, अशी योजना केनरने १९७९ मध्ये जाहीर केली होती. त्याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीच्या खेळण्यातील असेच क्षेपणास्त्र घशात अडकून एक मूल दगावले. केनरने क्षेपणास्त्र पाठीला पक्के चिकटवून टाकले आणि छापून झालेल्या पुठ्ठ्यांवरचा तो मजकूर स्टिकर लावून झाकला. चाचणीसाठी केलेले मोजके नमुने तेवढे उरले. क्षेपणास्त्र सोडणारी खिट्टी ज्या खाचेत सरकते तिच्या आकारावरून त्यांचे ‘एल’ आणि ‘जे’ असे दोन प्रकार मानतात.