पन्नासचा वेग आणि तिसरा मजला

तिसऱ्या मजल्यावर घर घेताना गॅलरीला कठडा नाही असं दिसलं, तर कुणी तिथे राहायला जाईल का? मूल रांगायला लागलं की आहे त्या कठड्यावरही आपण जाळी बसवून घेतो. ‘मुलाकडे नीट लक्ष दिलं तर कठडा कशाला हवा’ असं कुणी म्हणत नाही. लक्ष कधी ना कधी चुकणारच, हे आपण गृहीत धरलेलं असतं.

आता रस्त्यावर येऊ. सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडलेली वस्तू जमिनीवर आदळते तेव्हा तिचा वेग ताशी ५० किलोमीटर झालेला असतो. साडेतीन मीटरवरून, म्हणजे पहिल्या मजल्यावरून पडली तर ताशी ३०. गाडीचं बॉनेट थोडं दबतं, जमीन दबत नाही, त्यामुळे दोन्हीकडे लागणारा मार अगदी सारखा नसतो. पण हाडांना, कवटीला आणि काळजाजवळच्या रक्तवाहिन्यांना काय सोसावं लागतं याचा अंदाज या हिशेबातून येतो. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. शाळेत पाठ केलेलं हे सूत्र रस्त्यावर जीव घेतं किंवा वाचवतं.

हे सूत्र मनावर घेतलेलं एक शहर म्हणजे फिनलंडची राजधानी हेलसिंकी. वस्ती सात लाखांच्या आसपास. जुलै २०२४ ते जुलै २०२५ या वर्षभरात तिथे रस्ते अपघातात एकही माणूस दगावला नाही. चालणारा नाही, सायकलवाला नाही, गाडीतलाही नाही. १९८०च्या दशकात याच शहरात वर्षाला ३०च्या आसपास माणसं रस्त्यावर मरत होती. हिवाळ्यात तिथे बर्फाने रस्ते निसरडे होतात आणि दुपारी तीन-साडेतीनलाच अंधारून येतं, हेही इथे विसरून चालणार नाही.

तिथल्या वाहतूक अभियंत्यांनी कारणं सांगितली तेव्हा वेगमर्यादेला महत्त्वाचं स्थान दिलं. आज हेलसिंकीतल्या निम्म्याहून अधिक रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आहे.

तीसच का? एक साधा हिशेब करून पाहा. रस्ता कोरडा आहे, ब्रेक उत्तम आहेत आणि समोर अचानक मूल धावत आलं. डोळ्यांनी ते पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद तरी जातो. ताशी ३०च्या वेगात त्या एका सेकंदात गाडी सव्वाआठ मीटर पुढे गेलेली असते आणि ब्रेक लागल्यावर आणखी पाचेक मीटरवर थांबते. एकूण साधारण साडेतेरा मीटर. ताशी ५०च्या वेगात मात्र नुसत्या त्या पहिल्या सेकंदातच गाडी १४ मीटर गेलेली असते. म्हणजे मूल साडेतेरा मीटरवर असेल, तर तीसवाली गाडी त्याच्या पुढ्यात येऊन थांबते आणि पन्नासवाली ब्रेक लागायच्या आत, पूर्ण वेगाने त्याला धडकते. दोन्ही चालक तितकेच सावध होते, तितकेच चांगले होते. मला हा हिशेब पहिल्यांदा उलगडला तेव्हा कितीतरी वेळ दुसरं काही सुचलं नाही.

गोरान निल्सन या स्वीडिश संशोधकाने वेगमर्यादा बदलल्यावर अपघातांचं काय होतं याच्या नोंदी तपासल्या. त्याला आढळलं की प्राणघातक अपघातांची संख्या सरासरी वेगाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलते. जागतिक आरोग्य संघटनाही आज हाच ठोकताळा सांगते: सरासरी वेग एक टक्का वाढला की प्राणघातक अपघातांचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. उलट बाजूने पाहिलं तर वेग दहा टक्के कमी झाला की असे अपघात साधारण एक तृतीयांशाने घटतात. दहा टक्के म्हणजे पन्नासचे पंचेचाळीस! ऑफिसला पोचायला त्याने किती उशीर होईल?

पण नुसती ‘३०’ची पाटी लावून वेग कमी होत नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार. चालक पाटीपेक्षा रस्ता वाचतो. रस्ता रुंद, सरळ आणि मोकळा दिसला की पाय आपोआप दाबला जातो. लेन अरुंद असेल, कडेला झाडं असतील, वळण काटकोनी असेल, तर तोच पाय सैल पडतो. हेलसिंकीने रस्ते अरुंद केले, झाडं लावली, फुटपाथ आणि सायकलमार्ग सुधारले, कॅमेरे बसवले. ट्राम, मेट्रो आणि बस चांगल्या असल्यामुळे मुळात गाडी काढायची गरजच कमी पडते. दंडाची पद्धतही वेगळी आहे. मर्यादा बरीच ओलांडली तर दंड उत्पन्नाच्या प्रमाणात बसतो. २०२३ साली फिनलंडच्याच ओलांड बेटांवर ५०च्या भागात ताशी ८२च्या वेगाने गाडी नेणाऱ्या एका धनाढ्य व्यावसायिकाला १,२१,००० युरो भरावे लागले.

मला सर्वांत मोलाची वाटते ती मात्र वेगळीच गोष्ट. फिनलंडमध्ये १९६८पासून प्राणघातक अपघातांचा तपास खास पथकं करतात. पथकात पोलीस, वाहनाचा तज्ज्ञ, रस्त्याचा तज्ज्ञ, डॉक्टर आणि मानवी वर्तनाचा अभ्यासक असतो. गुन्हेगार कोण हे ठरवणं त्यांचं काम नाही. त्यासाठी पोलीस आणि न्यायालय आहेच. या पथकाने शोधायचं ते एवढंच की हे कशामुळे घडलं आणि पुन्हा घडू नये म्हणून काय बदलायला हवं. आपल्याकडे अपघातानंतर जमलेल्या गर्दीचा पहिला प्रश्न ‘चूक कुणाची?’ हा असतो. उत्तर मिळालं की गर्दी पांगते आणि चौक तसाच राहतो.

या विचाराला स्वीडनच्या संसदेने १९९७ साली ‘व्हिजन झिरो’ या नावाने धोरणाचं रूप दिलं. त्याचा गाभा असा: माणूस चुकणारच, पण त्या चुकीची शिक्षा मृत्यू किंवा जन्माचं अपंगत्व असता कामा नये. शरीर किती आघात सोसू शकतं ते आधी बघा आणि रस्ता, वेग, वाहन त्या मापाने बेता. शिंपी अंगाचं माप घेऊन कपडा बेततो, तसंच हे. नॉर्वेच्या ओस्लोनेही ही वाट धरली. २०१९ साली त्या शहरात रस्ते अपघातात एकच मृत्यू झाला, तोही गाडी चालवणाऱ्याचा.

आपल्या महाराष्ट्रात २०२२ या एका वर्षात १५,२२४ माणसं रस्त्यावर गेली. केंद्र सरकारच्या २०१८च्या अधिसूचनेनुसार महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारींना ताशी ७० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. राज्य आणि स्थानिक यंत्रणा ती कमी करू शकतात. सत्तर म्हणजे किती उंची? १९ मीटर, सहावा मजला. आणि त्याच रस्त्यावरून आजी नातवाचं बोट धरून भाजी आणायला जाते.

इथे काहीच होत नाही असं मात्र नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ मृत्यू झाले होते. तेव्हापासून तिथे शून्य मृत्यूचं उद्दिष्ट ठेवून काम सुरू झालं. कडेच्या उघड्या काँक्रीटसमोर संरक्षक कठडे आले, धोक्याच्या जागा एकेक करून दुरुस्त झाल्या आणि नंतरच्या वर्षांत आकडा शंभराच्या खाली आला. घाट तोच, माणसंही तीच.

तुमच्या रस्त्यावरचा वेग मोजायला यंत्र लागत नाही. कडेने टेपने ३० मीटर मोजा आणि दोन टोकांना खडूने खुणा करा. पहिली खूण ओलांडताना मोबाइलवरचं स्टॉपवॉच सुरू करा, दुसरीपाशी थांबवा. गाडीला ३.६ सेकंद लागले तर वेग ताशी ३०, २.२ सेकंद लागले तर पन्नासच्या जवळ. आमच्या गल्लीच्या टोकाला प्राथमिक शाळा आहे. सकाळी सातला, मुलं आत जायच्या वेळी, मी तिथे अर्धा तास उभा राहिलो. रिक्षा तेवढ्या हळू होत्या. बाकीच्यांत ३.६ सेकंदांचा आकडा मला दोनदाच दिसला, आणि त्यातली एक शाळेचीच बस होती.