शांतता समिती वेगळी, मोहल्ला समिती वेगळी

गणपती, ईद किंवा शिवजयंती तोंडावर आली की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक भरते. बोलताना अनेक जण हिलाच मोहल्ला समिती म्हणतात. प्रत्यक्षात दोन्हींची माणसं वेगळी, विषय वेगळे आणि मुख्य म्हणजे वेळ वेगळी. एकीकडून दुसरीच्या कामाची अपेक्षा ठेवली की ऐन दंगलीच्या वेळी हाताशी काहीच उरत नाही.

शांतता समिती ठाण्याच्या हद्दीची किंवा शहराची असते. तिच्यात मंडळांचे अध्यक्ष, मशिदींचे ट्रस्टी, नगरसेवक, पक्षांचे पदाधिकारी आणि पालिकेचे, वीज खात्याचे लोक बसतात. मिरवणूक कुठून निघेल, नमाजाच्या वेळी मशिदीपुढे वाजंत्री थांबेल का, रात्री 10 ला ध्वनिक्षेपक बंद होईल ना, हे तिथे ठरतं. हे काम किरकोळ नाही. 2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आली. मुंबईत मुस्लिम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं आणि सरकारने सुट्टीही 29 ला नेली. असा निर्णय गल्लीतल्या माणसांच्या हातातला नव्हे. त्याला शब्द पाळून घेणारे पुढारीच लागतात.

पण इथेच तिची मर्यादाही आहे. पुढारी म्हणून बोलावलेल्यांत ज्यांचं राजकारण तणावावरच चालतं तेही असतात, दोन्ही बाजूंचे. बैठकीत ते शांततेचं आवाहन करतात आणि आपल्या माणसांपुढे वेगळीच भाषा बोलतात. शिवाय ही समिती सणापुरती जागी होते. तणाव मात्र सणाची वाट पाहत नाही.

मोहल्ला समिती मात्र गल्लीतल्या माणसांची, वर्षभर चालणारी. तिचं सर्वांत ठळक उदाहरण मुंबईजवळच्या भिवंडी या यंत्रमागांच्या शहराचं. 7 मे 1970 ला शिवजयंतीच्या मिरवणुकीत तिथे दंगल पेटली, 1984 मध्ये पुन्हा. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी शहराची मोहल्ल्यांत विभागणी करून सुमारे 70 समित्या उभ्या केल्या. तिथे पुढाऱ्यांपेक्षा दंगलीत ज्यांचं पोट बुडतं त्या माणसांना जागा होती. भिवंडीत ही माणसं सापडणं अवघड नव्हतं: सूत एकाचं, माग दुसऱ्याचा, कामगार तिसऱ्याच गावचा, माग बंद पडला की हिंदू व्यापारी आणि मुसलमान मागवाला दोघांचीही कमाई थांबते. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबईतल्या दंगलींत, त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे, 900 माणसं मेली; शेजारची भिवंडी मात्र पेटली नाही. श्रेय एकट्या समित्यांचं म्हणता येणार नाही, पण त्या आधीपासून चालू होत्या हे महत्त्वाचं. मुंबईत ही चळवळ दंगलीनंतर उभी राहिली. माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांचा त्यात मोठा वाटा.

मोहल्ला समितीचा खरा विषय म्हणजे तुंबलेलं गटार, नळाची वेळ, दारात लावलेली दुचाकी, पोरांचा चेंडू. समजा पार्किंगवरून दोन पोरांत हाणामारी झाली, एक हिंदू, एक मुसलमान. तासाभरात मोबाइलवर तिचा 'धर्मावर हल्ला' होतो. त्याआधी दोन सदस्यांनी, दोन समाजांतला एकेक, मिळून दोन्ही घरी जायचं. वेगवेगळं गेलं की 'ते त्यांच्याकडे काय बोलले' हा नवा संशय सुरू होतो. जखमीला दवाखान्यात नेताना समोरच्या समाजातला एक जण सोबत हवा. मग भांडण कशावरून झालं, कोणाला किती लागलं, एवढंच दोन ओळींत लिहून दोघांच्या नावाने गल्लीच्या ग्रुपवर टाकायचं. 'अफवांवर विश्वास ठेवू नका' एवढ्याने भागत नाही, कारण खरं काय ते त्यातून कळतच नाही. बीट अंमलदाराला, म्हणजे त्या भागाची जबाबदारी असलेल्या पोलिसाला, फोन पहिल्या दहा मिनिटांत.

सगळ्यात घातक चूक मात्र पुढे होते. शांतता राहावी म्हणून मार खाल्लेल्यालाच तक्रार मागे घ्यायला लावतात. समिती म्हणजे तडजोडीचं दुकान नव्हे. गुन्हा घडला असेल तर तो नोंदवायचा आणि तसा नोंदवायला समितीच्या दोन्ही बाजूंनी ठाण्यात सोबत जायचं. दाबलेली तक्रार पुढच्या मिरवणुकीत घोषणा होऊन बाहेर येते. तसंच समाजात वैर पेरणारं भाषण हा चर्चेचा विषय नाही. त्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 196 आहे, आणि शांतताभंगाची भीती असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 खाली त्या माणसाकडून शांतता राखण्याची हमी घेता येते. कट्टर माणसाला समितीत घेऊन 'सांभाळून घेणं' हा उपाय वारंवार केला जातो, आणि त्याने त्याची पत तेवढी वाढते.

पोलिसांनी उभी केलेली मोहल्ला समिती एका ठिकाणी लंगडी पडते: भांडण पोलिसांशीच असेल तेव्हा. जुलै 2006 मध्ये भिवंडीतच कब्रस्तानाजवळच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्यावरून जमाव आणि पोलीस भिडले. त्यात दोन पोलीस शिपाई मारले गेले, गोळीबारातही माणसं गेली. अशा वेळी बैठक पोलिसांनी बोलावून चालत नाही. महसूल अधिकारी किंवा दोन्ही बाजूंना चालणारा तिसरा माणूस लागतो.

आपल्या भागात यातलं नेमकं काय आहे हे पाहायचं असेल तर ठाण्यात जाऊन सदस्यांची यादी आणि मागच्या वर्षभरातल्या बैठकांच्या तारखा विचारा. सगळ्या तारखा सणांच्या आदल्या आठवड्यातल्या असतील, तर ती शांतता समिती आहे, फलकावर नाव काहीही असो. मग मोहल्ला समिती वेगळी उभी करावी लागेल, आणि पहिली बैठक सण नसलेल्या महिन्यात, गटाराच्या विषयावर घ्यावी.